रस्ता ओतण्याआधी उंबरठ्याची पातळी मोजा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरात तीनदा पाणी शिरले. घर १९९४ सालचे. तेव्हा रस्ता ओट्याच्या दीड फूट खाली होता आणि आईला चढता यावे म्हणून सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. आधी मुरूम पडला, मग डांबर, डांबरावर डांबर आणि दोन वर्षांपूर्वी त्या सगळ्यावर सिमेंट. पायऱ्या एकेक करून गाडल्या गेल्या. आता आम्ही रस्त्यावरून घरात उतरतो.

मी पाटबंधाऱ्याच्या कामावर रोजंदारीने लागलो तो स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली मोजकाठी, धरणारा पोरगा म्हणून. पुढे परीक्षा देऊन स्थापत्य अभियांत्रिकी सहायक झालो आणि निवृत्तीपर्यंत लेव्हलची, म्हणजे दुरून काठीवरचा आकडा वाचून पातळी काढायची, दुर्बीण सुटली नाही. कालव्याला किलोमीटरमागे २५ सेंटीमीटर उतार द्यायचा असेल, तर शंभर मीटरला अडीच सेंटीमीटर येतो. डोळ्याला तो दिसत नाही, पाण्याला बरोबर कळतो. म्हणून पातळीच्या बाबतीत "अंदाजे" हा शब्द आमच्या साहेबांना चालत नसे. स्टाफ जरा कलला तरी आकडा जास्त येतो. त्यामुळे मी तो हळूहळू पुढे-मागे झुलवायचो आणि साहेब त्यातला सर्वांत कमी आकडा लिहायचे. उन्हाळ्यात आमचे काम पहाटे सुरू होई. नऊनंतर जमिनीलगतची हवा लवलवायला लागली की काठीवरचे आकडे नाचतात, मग वाचन थांबवायचे.

पाणी शिरल्यावर मी एका ओळखीच्या कंत्राटदाराकडून ऑटो लेव्हल, म्हणजे तशीच दुर्बीण, मागून आणली आणि रविवारी सकाळी साडेसहाला गल्लीत लावली. शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, रस्ता तं झाला, आता कायले मोजता?" त्यालाच स्टाफ धरायला लावला. कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळाची दगडी पायरी पक्की आहे, ती हलत नाही. तिच्यावर लाल खूण करून तिची पातळी १००.००० मीटर धरली. पायरीवरचे वाचन आले १.४२५, म्हणजे दुर्बिणीची रेषा १०१.४२५ वर. मग माझ्या उंबरठ्यावर १.५०५, घरासमोर रस्त्याच्या मध्यावर १.३८० आणि साठ मीटरवरच्या पावसाळी चेंबरच्या तोंडावर १.२८५. शेवटी परत पायरीवर येऊन पाहिले, १.४२७. दोन मिलिमीटरचा फरक मला मान्य आहे.

रेषेच्या पातळीतून वाचन वजा केले की त्या जागेची पातळी मिळते, वजाबाकी कोणीही करावी. उंबरठा ९९.९२०, रस्ता १००.०४५, चेंबर १००.१४०. रस्ता माझ्या घरापेक्षा साडेबारा सेंटीमीटर वर आहे, हे तर दिसतच होते. खरा घोळ चेंबरचा आहे. ते घरासमोरच्या रस्त्यापेक्षाही साडेनऊ सेंटीमीटर वर बसवले आहे. म्हणजे चेंबरमध्ये पहिला थेंब पडेपर्यंत माझ्या उंबरठ्यावर बावीस सेंटीमीटर पाणी उभे राहणार, अर्ध्या पोटरीएवढे. चेंबर स्वच्छ आहे, त्यात कचरा नाही, आत पाइपही आहे. पाणी तिथपर्यंत चढत नाही, एवढेच. आम्ही गल्लीकर दोन पावसाळे गटार साफ करा म्हणून अर्ज देत होतो, आणि अडचण गटारात नव्हतीच.

अशा किती गल्ल्या असतील! नागपूरचा उतार साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे, नाग नदीही तशीच वाहत कन्हानला मिळते. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि एका रात्रीत वस्त्या बुडाल्या, ते आपण विसरलेलो नाही. तो पाऊस मोठाच होता, त्याचे खापर गल्लीच्या रस्त्यावर फोडता येणार नाही. पण दरवर्षीच्या साध्या सरीला घरात येणारे पाणी हे पातळी न मोजल्याचे पाणी आहे, असे मी जबाबदारीने लिहितो.

सिमेंट रस्त्याला माझा विरोध नाही. सहा मीटरच्या गल्लीत मध्यापासून कडेला दोन टक्के आडवा उतार दिला, तर सहा सेंटीमीटरात काम होते. मागणी एवढीच की जुना रस्ता खरवडून काढल्याशिवाय नवा ओतू नये, आणि ओतण्याआधी गल्लीतल्या प्रत्येक उंबरठ्याची व प्रत्येक चेंबरची पातळी घेऊन ती लेव्हल बुकात लिहावी. कामाच्या फलकावर लांबी, रुंदी, खर्च असतो. त्याखाली एक ओळ वाढवावी: रस्त्याची तयार पातळी किती आणि ती कोणत्या बेंचमार्कवरून, म्हणजे पातळी ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवरून, घेतली. हरकत घ्यायची तर लोकांना ओतण्याआधी घेता येईल. काँक्रीट पडल्यावर हरकतीला काय अर्थ?

बेंचमार्क कुठून आणायचा, असे या शहराने तरी विचारू नये. झिरो माइलला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, चार घोड्यांपुढे फोटो काढतो. त्या मोठ्या खांबाजवळचा ठेंगणा खांब मात्र कोणी पाहत नाही. तो ब्रिटिश काळात भारतभर झालेल्या मोजणीचा, महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, प्रमाण बेंचमार्क, १९०७ सालचा. त्याच्या माथ्याची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे ३१०.९४८ मीटर. शेकडो किलोमीटरवरच्या समुद्रापासून काठीमागून काठी लावत लोक इथवर पोहोचले आणि फुटाचा हजारावा भागही त्यांनी लिहून ठेवला. ते वाचताना त्या स्टाफ धरणाऱ्यांची मला आठवण येते, त्यांची नावे कुठेच कोरलेली नाहीत. तिथून प्रत्येक प्रभागात एक पक्की खूण आणून ठेवणे हे दोन-चार जणांच्या तुकडीचे काही दिवसांचे काम आहे. शाळेची पायरी, देवळाचा ओटा, पाण्याच्या टाकीचा पाया, काहीही चालेल. लाल रंगाने आकडा लिहावा.

दुर्बीण नसली तरी पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतो, तशी दोघांत काढता येते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आपल्या गल्लीत रस्त्याचे काम निघणार असेल, तर खडी पडायच्या आत उंबरठा, रस्ता आणि चेंबर मोजून तारखेसह लिहून ठेवा. आमच्या भागातल्या कोणाला शिकायचे असेल, तर रविवारी सकाळी साडेसहाला मी मारुतीच्या देवळापाशी असतो. पायरीवरची लाल खूण अजून तशीच आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियांत्रिकी सहायक,
मानेवाडा, नागपूर