विषय : जुन्या पुराची दृश्यं ‘लाइव्ह’ म्हणून दाखवल्याबद्दल आणि विसर्गाच्या चुकीच्या आकड्याबद्दल तक्रार

प्रति,
वृत्तसंपादक व तक्रार निवारण अधिकारी

आपल्या प्रेक्षक कक्षाने काल फोनवर जे उत्तर दिलं, त्यानंतर लेखी तक्रारीशिवाय इलाज उरलेला नाही.

शनिवारी रात्री नऊच्या पुणे बातमीपत्रात निवेदिकेने ‘खडकवासल्यातून २५ हजार टीएमसी पाणी मुठेत’ असं वाचलं. खालच्या पट्टीवरही तेच. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी एकूण साठा २९.१५ टीएमसी होतो. टीएमसी (एक अब्ज घनफूट) हे साठ्याचं माप, क्युसेक वाहत्या पाण्याचं; वाचायला हवं होतं ‘क्युसेक’. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. २५ हजार क्युसेकचा विसर्ग साधारण ११ तास चालला, तेव्हा कुठे १ टीएमसी पाणी धरणातून जातं. पुण्याच्या बातम्या देणाऱ्या डेस्कला हे माहीत असणारच. मग कंट्रोल रूममधून निवेदिकेच्या कानात कुणीच का सांगितलं नाही? मध्यंतरानंतर तोच आकडा पुन्हा का वाचला गेला?

दृश्यांचा प्रकार याहून गंभीर आहे. कोपऱ्यात ‘लाइव्ह’ लिहून पाण्याखाली गेलेला भिडे पूल दाखवलात. त्या दृश्यात आज पुलाजवळ दिसणारा मेट्रोचा मार्गच नाही! डेक्कन जिमखाना स्थानक १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं आणि पात्रालगतचे खांब त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणजे चित्रीकरण कित्येक वर्षं जुनं आहे.

हेच फोनवर सांगितलं. उत्तर आलं, ‘दृश्यं प्रातिनिधिक आहेत.’ मग ‘लाइव्ह’ का लिहिलं? ‘सर, ते टेम्प्लेटमध्येच असतं.’ काढता येतं का? ‘येतं.’ मग काढलं का नाही? यावर आधी ‘वरिष्ठांना विचारतो’, मग बराच वेळ होल्डवरचं संगीत, आणि शेवटी, ‘पूर म्हणजे पूर, पाणी दर वर्षी सारखंच दिसतं. तुम्ही काय पुलावर राहता का?’ फोन ठेवून दिला.

पुलावर कुणी राहत नाही. पुलाची वाडी आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी इथे मात्र माणसं राहतात. २५ जुलै २०२४ च्या पुरात तिथे काय झालं हे तुमच्याच प्रतिनिधींनी दाखवलं होतं. गाडी हलवायची की नाही, तळमजल्यावरचं सामान वर न्यायचं की नाही, हे ती माणसं तुमच्या पट्टीवरचा आकडा बघून ठरवतात. ‘पाणी सारखंच दिसतं’ हे त्यांच्यासमोर जाऊन म्हणून दाखवा.

त्या पट्टीवर वेळही नसते. जलसंपदा विभागाच्या संदेशात विसर्ग किती वाजल्यापासून वाढणार ते दिलेलं असतं, आणि तुम्ही नेमकं तेच गाळता. नवा आकडा आला तरी जुना निघत नाही, दोन्ही एकामागून एक फिरत राहतात. एकटं खडकवासला भरलं की ‘पुण्याची धरणं भरली’ असं सांगणंही थांबवा. त्याची क्षमता १.९७ टीएमसी, चौघांत सर्वांत लहान. ते भरलं म्हणजे पानशेत-वरसगाव भरली असं होत नाही.

त्याच नऊच्या बातमीपत्रात, त्याच निवेदिकेकडून दुरुस्ती हवी. विसर्गाच्या प्रत्येक ओळीत धरणाचं नाव, क्युसेक आणि वेळ हवी. जुन्या चित्रीकरणावर ‘संग्रहित’ आणि वर्ष हवं. आणि ‘लाइव्ह’ फक्त लाइव्हवरच.

प्रसारणाची नोंद ९० दिवस जपणं तुम्हाला बंधनकारक आहे. शनिवारचं बातमीपत्र पुसू नका. केबल टीव्ही नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार या तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करेन आणि या पत्राची प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला देईन. पुण्याची बातमी आधी तुमच्याकडे लावायची ही घराघरातली सवय होती, ती तुम्ही स्वतःच मोडत आहात.

‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असा एसएमएस नको. दुरुस्ती कोणत्या तारखेला, किती वाजता दाखवणार, ते लेखी कळवा.

एक प्रेक्षक,
सिंहगड रस्ता, पुणे