मेडिकलच्या ताईंस, एका न विकलेल्या पाकिटाबद्दल

ताई,

त्या संध्याकाळी तुम्ही गोळ्यांचं एक पाकीट विकलं नाहीत. हे पत्र त्यासाठी.

आमच्या काकी कमरेवर हात ठेवून तुमच्या पायरीशी आल्या तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं होतं आणि बाहेर श्रावणातला पाऊस धरून बसला होता. चिठ्ठीवर कमरेची गोळी, आत टिझॅनिडिन, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, 2 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. पाकीट हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "काकी, रातचा निजताना आणखी खयची गोळी घेतास?" काकींनी बटव्यातून स्ट्रिपचा कापलेला तुकडा काढला. नाव कात्रीत गेलेलं, शिल्लक होता फक्त 25 हा आकडा. तुम्ही फळी उचलून बाहेर आलात, त्यांना स्टुलावर बसवलंत, आणि मुंबईला मुलाला फोन लावून घरातल्या जुन्या चिठ्ठीवरचं नाव वाचून घेतलंत. अमिट्रिप्टिलिन. टिझॅनिडिनबरोबर गेलं तर गुंगी वाढवणारं. पुढे डॉक्टरांशी काय बोलणं झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. काकींच्या तोंडी मात्र अजून ते स्टूलच आहे.

हा धंदा आतून माहीत असल्यामुळे तुमचा प्रश्न किती नेमका होता ते सांगावंसं वाटतं. "डिप्रेशनची गोळी चालू आहे का?" असं विचारलं असतंत तर काकी ठामपणे नाही म्हणाल्या असत्या, आणि खोटंही बोलल्या नसत्या. अमिट्रिप्टिलिन मुळात उदासीनतेवरचं औषध, 1961 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं; पण आज ते 10 किंवा 25 मिलिग्रॅमच्या मात्रेत मधुमेहातल्या पायांच्या जळजळीसाठी, अर्धशिशीसाठी, झोपेसाठी सर्रास दिलं जातं. काकींच्या लेखी ती 'पायाच्या आगीची गोळी'. मिर्टाझापिन आणि ट्राझोडोनचंही तेच, घरात त्यांचं नाव 'झोपेची गोळी'. म्हणून विचारायचं ते वेळेवरून, रोगावरून विचारून हाती काही लागत नाही.

आणि आपल्याकडे तर औषधं दोन गावांची. पायाची मुंबईच्या डॉक्टरांची, चाकरमानी मुलगा तीन महिन्यांची एकदम आणून देतो. कमरेची इथल्या दवाखान्याची. दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर कधी येतच नाहीत. ज्या दवाखान्यात ही दुसरी चिठ्ठी लिहिली गेली तिथे 'आणखी काय घेता' हे तीन शब्द महाग झाले होते, आणि ज्या दुकानाने ती स्ट्रिप नावावरून कापून दिली त्यांच्या कात्रीला तर मी काय म्हणू! कापायचीच असेल तर नाव आणि मुदतीची तारीख गिऱ्हाइकाकडे राहील अशी कापावी, एवढं तरी जमावं.

दोन्ही गोळ्या एकत्र पोटात गेल्या असत्या तर काय, हे वाचणाऱ्यांसाठी लिहितो. टिझॅनिडिन स्नायू सैल करतं ते मेंदू आणि मज्जारज्जूकडून जाणारे इशारे मंद करून. त्यात झोप येते आणि रक्तदाबही उतरतो. त्याचा जोर एक-दोन तासांत शिगेला पोचतो आणि तीन ते सहा तासांत ओसरतो. अमिट्रिप्टिलिन मात्र दुसऱ्या दिवशीही अंगात असतं, त्यामुळे 'एक सकाळी, एक रात्री' असं अंतर ठेवल्याने सुटका होत नाही. गुंगीवर गुंगी चढते, तोंड कोरडं पडतं, आणि उठून उभं राहताना रक्तदाब एकदम खाली येतो. बसून मोजल्यावर, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत मोजल्यावर वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने घसरला तर ते धोक्याचं. काकींची ब्लडप्रेशरची गोळी आहेच त्यात भर घालायला. आता रात्री दोन वाजता लघवीला उठलेली बाई, गेलेली लाइट, पडवीतून खळ्यात उतरणाऱ्या जांभ्याच्या शेवाळलेल्या तीन पायऱ्या. खुब्याचं हाड इथेच मोडतं.

ही जोडी प्रत्येकाला बंद असं मात्र नाही. जाणता डॉक्टर दोन्ही माहीत असताना टिझॅनिडिन 2 मिलिग्रॅम, फक्त रात्री, थोडेच दिवस देऊ शकतो. टिझॅनिडिनला साफ मनाई आहे ती फ्लुवोक्सामिन या उदासीनतेवरच्याच दुसऱ्या औषधाबरोबर. ते टिझॅनिडिन मोडणारं यकृतातलं एन्झाइम अडवतं. प्रयोगात टिझॅनिडिनचा रक्तातला एकूण साठा सरासरी 33 पट झाला होता. सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे जुलाबासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी सहज आणली जाणारी अँटिबायोटिक, तीही याच कारणाने नको. तिच्याबरोबर 10 पट. सायक्लोबेन्झाप्रिन या स्नायू सैल करणाऱ्या दुसऱ्या औषधाची गोष्ट आणखी गमतीची. तो रेणू अमिट्रिप्टिलिनचा जवळजवळ जुळा भाऊ, फरक एका दुहेरी बंधाचा. दोन्ही दिली की एकच औषध दोनदा दिल्यासारखं, लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं, म्हातारं माणूस बरळायला लागतं. त्याच कामाचं बॅक्लोफेन बहुतांशी किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी थकलेल्या माणसात ते साचतं.

पाकिटावरच्या 'एमआर'ने फसू नये. कमरेच्या गोळीच्या नावापुढे ती अक्षरं बहुधा स्नायू सैल करणाऱ्या औषधासाठी असतात. मधुमेहाच्या ग्लिक्लाझाइडवर तीच अक्षरं सावकाश विरघळणाऱ्या गोळीसाठी. बारीक अक्षरांतली नावंच वाचावीत. कमरेच्या गोळीत पुष्कळदा पॅरासिटामॉलही दडलेलं असतं, तापाची गोळी वेगळी घेणाऱ्याने बेरीज करावी. सर्दीची क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, माडी, फेणी, ही सगळी याच गुंगीत भर घालणारी. पहाटे होडी काढणाऱ्याने किंवा घाटात गाडी चालवणाऱ्याने तर आदल्या रात्रीची गोळीही हिशेबात धरावी.

तुम्ही काकींना आणखी एक बजावलंत, त्याचं मोल मोठं. "जुनी गोळी आपल्या मनान बंद करू नकात." घाबरून अमिट्रिप्टिलिन एकदम थांबवलं की मळमळ, अस्वस्थपणा, झोप उडणं सुरू होतं, रोज घेत असलेलं बॅक्लोफेन झटकन सोडलं तर भास आणि फिट्सही येऊ शकतात. कमी करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, पायरीपायरीने. आणि दोन्ही घेतलेलं माणूस हलवूनही नीट जागं होत नसेल, श्वास संथ पडला असेल, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन. उरलेल्या स्ट्रिपा बरोबर न्याव्यात.

औषधासोबत रुग्णाला नीट समजावून सांगणं हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार फार्मासिस्टचं कामच आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण बंद होत आलेल्या दुकानात, भर पावसात, ते काम करणारी माणसं किती आहेत हे काउंटरमागे उभं राहिलेल्यांना विचारावं. स्टूल कुठल्याही नियमात नाही.

काकींची कंबर शेक आणि साध्या पॅरासिटामॉलवर सुटली. सगळ्या स्ट्रिपा आता अख्ख्या, एका कापडी पिशवीत, पिशवी खुंटीला. रविवारी त्या तुमच्यासाठी खापरोळ्या पाठवणार आहेत. रस वेगळ्या डब्यात असेल, सांडू देऊ नका.

तुमच्याच धंद्यातला एक