काखेतले हेल्मेट

मिनियापोलिस,
नोव्हेंबरअखेर, शनिवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या जूनमधल्या पत्राला नोव्हेंबरअखेर उत्तर लिहीत आहे, याची आधी माफी मागतो. कामाचा व्याप हे त्याचे खरे कारण नाही. सप्टेंबरपासून दर शनिवारी धाकट्या मुलाच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असे, आणि ऑक्टोबरात एका सामन्यात जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही. तुलाच सांगायचे म्हटल्यावर मात्र हात आखडत होता, म्हणून तीनदा पत्र सुरू करून तीनदा बाजूला ठेवले. प्रकृतीचे म्हणशील तर माझी साखर आटोक्यात आहे आणि तुझ्या वहिनीची पाठ अधूनमधून दुखते. त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही.

मागे मी पाठवलेली चित्रफीत पाहून तू लिहिले होतेस की हे तर चिलखत घालून खेळलेले हुतुतू आहे. तुझे ते वाक्य मी इथल्या दोन-तीन जणांना सांगितले आणि सगळे पोट धरून हसले, पण ते वर्णन खरेच फार नेमके आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा, एवढाच त्याचा गाभा. धाकटा लाइनबॅकर आहे, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीत उभा राहून चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला अडवून खाली पाडणे हे त्याचे काम. आपल्या संघात तू चढाईला जायचास आणि मी मध्यात उभा राहून पकडी करायचो. त्यामुळे तो माझ्या जागेवर खेळतो असे मी मनाशी धरून बसलो होतो, आणि त्याचा मला अभिमानही फार होता.

त्याचे कॉलेज लहान आहे. ते ज्या मंडळात खेळते त्याचे नाव मिनेसोटा इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक कॉन्फरन्स. इथे सगळे त्याला 'मायॅक' म्हणतात. १९२० पासून ते चालू आहे आणि त्यात बहुतेक याच राज्यातली खासगी कॉलेजे आहेत. ही तिसरी श्रेणी. दूरदर्शनवर लाखभर प्रेक्षकांसमोर खेळणारी कॉलेजे वेगळी. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, मुले फी भरून हाडे मोडून घेतात, आणि शनिवारचा सामना संपला की सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत हजर असतात. प्रेक्षक म्हणजे पालक, वर्गमित्र आणि गावातले काही म्हातारे. तुझ्या वहिनीने पहिल्या सामन्याला बटाटेवडे नेले, तेव्हापासून आमच्या बाजूच्या पालकांना संघाच्या निकालापेक्षा वड्यांची चौकशी अधिक महत्त्वाची वाटू लागली.

या मंडळातली तफावत तुला सांगितली पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यात त्या तालमीच्या संघाला स्पर्धेतून वगळावे की नाही यावर आपण रात्रभर वाद घातला होता. २०१७ साली सेंट थॉमसने सेंट ओलाफला ९७-० असे हरवले. इतर खेळांतही सेंट थॉमसचे वर्चस्व असेच होते, आणि अखेर २०१९ मध्ये मंडळाने, ज्याच्या स्थापनेत ते कॉलेज स्वतः सहभागी होते, त्यालाच बाहेरची वाट दाखवली. २०२१ पासून ते थेट पहिल्या श्रेणीत खेळते. आपल्या त्या रात्रीच्या वादात तू म्हणाला होतास की बलवानाला घालवून दुबळा बलवान होत नाही, आणि मी म्हणालो होतो की दुबळ्यालाही खेळायला मैदान हवे. आजही माझे मत बदललेले नाही. आमचा संघ दुबळ्यांतलाच. दहापैकी तीन सामने जिंकलो.

मोठे संघ सगळेच दांडगे नसतात, हेही खरे. सेंट जॉन्सचे मैदान कॉलेजव्हिलच्या झाडीत, खोलगट जागेत आहे. शेजारी बेनेडिक्टिन साधूंचा मठ आणि घंटा टांगलेला त्याचा काँक्रीटचा अवाढव्य फलक. तिथे जॉन गॅग्लियार्डी नावाच्या माणसाने १९५३ ते २०१२ असे साठ हंगाम संघ चालवला आणि कारकिर्दीत ४८९ सामने जिंकले. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय कोणाच्याच नावावर नाहीत. त्याच्या सरावात खेळाडूंनी एकमेकांना खाली पाडायचे नाही असा दंडक होता. शिट्टी नाही, शिक्षा म्हणून पळवणे नाही, आणि मुले त्याला 'कोच' न म्हणता नुसते 'जॉन' म्हणत. धाकटा लहान असताना मी त्याला ही गोष्ट सांगत असे आणि त्याने ती पाठ करून ठेवली आहे. आता आई काळजी करू लागली की तो तीच गोष्ट पुढे करतो: आमच्याकडेही सरावात कोणी कोणाला पाडत नाही, मग घाबरायचे कशाला? सामन्यात मात्र पाडावेच लागते, आणि त्या मुद्द्यावर तो गप्प बसतो.

आता ऑक्टोबरातली गोष्ट लिहितो.

सातवा सामना होता, बाहेरगावी. तिसरे सत्र संपत आले होते आणि आम्ही चार गुणांनी पुढे होतो, जे या हंगामात फार वेळा घडले नव्हते. समोरच्यांचा तिसरा प्रयत्न, दोन यार्ड बाकी. धाकटा फळीतल्या फटीतून आत शिरला, धावणाऱ्याच्या मांडीवर आदळला आणि दोघेही खाली आले. त्यांना अर्धा यार्ड कमी पडला. समोरचा उठला. हा उठला नाही. मी बाकांवर उभा राहिलो आणि ओरडलो, "ऊठ! ऊठ रे! एकच डाव राहिलाय!" मराठीतच ओरडलो, तोंडातून दुसरे काही निघालेच नाही. तो उठला. उठून चार पावले चालला आणि समोरच्या संघाच्या घोळक्याकडे गेला. त्यांच्यातल्याच एका मुलाने त्याला खांद्याला धरून वळवले आणि आमच्या बाजूकडे हात हलवला.

आमच्या संघाची ट्रेनर एक बुटकीशी, पन्नाशीची बाई आहे. तिने त्याला बाकावर बसवले, डोळ्यांपुढे बोट फिरवले, काही विचारले, आणि मग त्याचे हेल्मेट उचलून आपल्या काखेत धरले. सामना संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाऊण तास, तिने ते खाली ठेवले नाही. दुसऱ्याच्या घोट्याला पट्टी बांधतानाही ते तसेच काखेत होते. नंतर कळले की ही त्यांची रीतच आहे: हेल्मेट हाताशी असले की मुले गुपचूप पुन्हा मैदानात घुसतात. आणि मित्रा, मी त्या बाईवर चिडलो होतो. चार गुणांची आघाडी होती, चौथा प्रयत्न बाकी होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की मुलगा पायावर उभा आहे, चालतो आहे, मग याला बसवले कशाला.

परतताना गाडीत तो डोळ्यांवर टोपी ओढून पडला होता. पन्नासेक मैल गेल्यावर म्हणाला, "बाबा, तुमचा आवाज ऐकू आला, म्हणून मी उठलो."

तुला आता कळले असेल मी हे तुलाच का लिहीत आहे.

इस्लामपूरचा तो अंतिम सामना, तांबडी माती, फक्कीच्या रेषा, आणि आधीच्या चढाईत मुरगळलेला तुझा गुडघा. कोणीतरी ओला टॉवेल गुंडाळला होता. कर्णधार मी होतो. मी तुझ्यासमोर उकिडवा बसून म्हणालो, "एकच चढाई राहिलीय, दम धरून जा आणि परत ये." तू माझ्याकडे पाहिलेस, टॉवेल सोडलास आणि गेलास. एकाला शिवलास, वळलास, त्यांच्या कोपऱ्याने घोट्याला पकड घातली आणि तू मध्यरेषेकडे झेप घेतलीस. तेव्हा गुडघ्यातून आलेला आवाज मी ऐकला. तो मला अजूनही ऐकू येतो. पंचांनी गुण दिला, आपण एका गुणाने जिंकलो, आणि तुला चौघांनी उचलून मैदानाबाहेर आणले. त्यानंतर तू कधी खेळला नाहीस. आजही तू जिना उतरताना कठडा धरतोस, एक पायरी, मग थांबून दुसरी.

तीस वर्षे आपण एकाच गोष्टीवर भांडलो: तुझे बोट रेषेला लागले होते की नाही. तू म्हणत आलास की पंच चुकले, गुण आपला नव्हता. मी म्हणत आलो की मी दोन हातांवर उभा होतो, लागले होते. माझ्या लग्नात, तुझ्या घरभरणीला, आयर्विन पुलावर रात्री बारा वाजता, सगळीकडे हेच भांडण. गुडघ्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही. आता मला वाटते की रेषेवर एवढे भांडलो ते गुडघ्याबद्दल बोलावे लागू नये म्हणूनच. निदान माझ्या बाजूने तरी.

धाकट्याच्या मेंदूला धक्का बसल्याचे निदान झाले. पहिले काही दिवस अंधारी खोली, फोन बंद, वर्गही बंद. मग पायऱ्या: आधी चालणे, मग सायकल, मग एकट्याने पळणे, मग कोणाला न भिडता सराव, त्यानंतर डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव आणि अखेर सामना, प्रत्येक पायरीला किमान चोवीस तास, आणि डोके दुखले तर एक पायरी मागे. तो दोनदा चौथ्या पायरीपर्यंत गेला आणि दोनदा मागे आला. शेवटच्या सामन्याला तो जर्सी घालून, बोडक्या डोक्याने, रेषेबाहेर उभा होता. हेल्मेट त्या आधीच साहित्याच्या खोलीत जमा झाले होते. तुझ्या वहिनीने जमा करण्यापूर्वी ते हातात घेऊन पाहिले. त्यावर समोरच्या संघांच्या हेल्मेटांचे रंग उतरलेले असतात, लाल, निळे, हिरवे ओरखडे. ती एकेका ओरखड्यावरून बोट फिरवत मोजत होती. एकवीसपर्यंत मोजले आणि मग तिने ते खाली ठेवले.

आता डोके दुखत नाही, अभ्यासही रुळावर आला आहे. प्रश्न पुढच्या वर्षाचा आहे. त्याचे शेवटचे वर्ष, आणि मुलांनी त्याला कर्णधारांपैकी एक म्हणून निवडले आहे. घरात रोज यावर बोलणे होते. तुझ्या वहिनीला बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापलेला अभ्यास तोंडपाठ आहे: मरणोत्तर तपासलेल्या २०२ फुटबॉलपटूंच्या मेंदूंपैकी १७७ जणांत वारंवारच्या आघातांनी होणारा तो विकार सापडला, आणि कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांत. धाकटा शांतपणे सांगतो, आई, ते दान केलेले मेंदू होते, ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांचे. त्यावरून सगळ्यांचे प्रमाण काढता येत नाही. त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. ती म्हणते, मला सगळ्यांचे प्रमाण नको, मला एकाचे सांग. मग दोघेही माझ्याकडे पाहतात.

आणि मला बोलता येत नाही. खेळू नकोस म्हणालो तर तो विचारेल की मग त्या दिवशी ऊठ का म्हणालात. खेळ म्हणालो तर तुझा गुडघा समोर येतो. त्यात तो आता कर्णधार. पुढच्या ऑक्टोबरात कोणीतरी मातीत पडलेला असेल आणि हा त्याच्यासमोर उकिडवा बसेल, आणि तेव्हा हा काय म्हणेल? माझी झोप खरी याने उडाली आहे. त्याच्या डोक्याला पुन्हा मार लागेल याची भीती आहेच, पण तो माझे वाक्य दुसऱ्या कोणाला म्हणेल, याची त्याहून जास्त आहे.

तू मुख्याध्यापक झालास याचे अभिनंदन मी फोनवरही नीट केले नाही. लेकीला पुण्याला हव्या त्या शाखेत प्रवेश मिळाला हे वाचून फार बरे वाटले. वसतिगृह लांब पडत असेल तर माझ्या बहिणीकडे पाठव, मी बोलून ठेवतो. काकूंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर होणार होती, ती झाली का? आणि तुझ्या नववीच्या मुलांना मापन शिकवताना हे सांग: १९७७ साली इथल्या नॉर्थफील्ड गावात कार्लटन आणि सेंट ओलाफ या शेजारच्या दोन कॉलेजांनी एक अख्खा फुटबॉलचा सामना मेट्रिक मापांत खेळला, यार्ड सोडून मीटर, पौंड सोडून किलो. सेंट ओलाफने ४३-० असा जिंकला. यार्डांत मोजले असते तरी कार्लटन हरलेच असते, असे तू म्हणशील, हे मला इथे बसून ऐकू येते.

आम्ही डिसेंबरच्या वीस तारखेला सांगलीत पोहोचतो आहोत. एक मागणे आहे, आणि ते मी फार विचार करून मागतो आहे. एका संध्याकाळी धाकट्याला तुझ्याकडे घेऊन येईन. त्याला इस्लामपूरचा सामना सांग. सगळा सांग, टॉवेल, आवाज, त्यानंतरचे सहा महिने, काकूंनी केलेले शेक, नोकरीच्या मुलाखतीला काठी घेऊन गेलास ते, आणि तुला जा म्हणणारा कोण होता तेही. खेळावे की नाही हे त्याला सांगू नकोस, त्याचे तो ठरवील. तू सांगत असताना मी तिथेच बसलेला असेन आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही.

काकूंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
मी

ता. क. रेषेपर्यंत तुझे बोट पोहोचले नव्हते. चार बोटे कमी पडले होते. मी पाहिले होते.