लोंबत्या टोमॅटोला आधी पाणी, मग खत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुंडीतल्या टोमॅटोविषयी बागकामाच्या सदरांतून जो सल्ला वारंवार छापून येतो, तो बहुधा काठीला बांधून वाढवायच्या उंच जाती डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. टांगत्या कुंडीतून खाली लोंबणाऱ्या, बारीक फळांच्या जातींना तोच सल्ला लागू केला की पीक घटते, आणि दोष मात्र बियाण्याला किंवा खताला दिला जातो.

‘बगलफूट, म्हणजे पान व खोड यांच्या बेचक्यातून फुटणारी फांदी, काढत राहा’ हे त्याचे ठळक उदाहरण. उंच जातींचा शेंडा सतत वाढत असल्याने तेथे हे योग्यच आहे. परंतु ‘टम्बलर’सारख्या झुडूपवजा लोंबत्या जातीत फांदी थोडी वाढून फुलांच्या घोसाशी थांबते आणि बरेचसे पीक बाजूच्या फांद्यांवरच येते. तेथे बगलफूट खुडणे म्हणजे येणारे घोसच खुडणे होय.

खताच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे. पाकिटावरील तीन आकडे अनुक्रमे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे प्रमाण सांगतात, हे माहीत असूनही झाड लहान असताना सुरू केलेले १९:१९:१९ अनेक जण शेवटपर्यंत देत राहतात. नत्र जास्त झाले की पाने गर्द, फांद्या लांब आणि फुले थोडी, अशी झाडाची अवस्था होते. पाहणाऱ्याला ते झाड निरोगी वाटते, हीच यातली फसगत. पहिल्या घोसात बारीक फळे धरलेली दिसू लागली की पालाश अधिक असलेले, उदाहरणार्थ १३:०:४५ हे विद्राव्य खत, लिटरभर पाण्यात सुमारे एक ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्यावे, आणि तेही माती ओली असतानाच, कारण कोरड्या मातीत खताचे पाणी ओतल्यास मुळांना इजा होऊ शकते. कुंडी मुख्यतः कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, भरलेली असेल, तर त्यात स्वतःचे अन्न जवळजवळ नसते. म्हणून खताची सुरुवात लवकर करावी लागते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व सूक्ष्म अन्नद्रव्येही वेगळी पुरवावी लागतात. गांडूळखत मिसळलेल्या कुंडीत घाई नसते.

तरीही माझ्या मते लोंबत्या टोमॅटोचे यशापयश खतापेक्षा पाण्यावरच अधिक ठरते. टांगत्या कुंडीत माती थोडी असते आणि वारा तिला चहूबाजूंनी लागतो. कडक उन्हात, झाड फळांनी भरलेले असताना, तिला दिवसातून दोनदा पाणी लागणे नवलाचे नाही. पाण्याची ओढाताण झाली की फळाचा खालचा भाग काळपट, चामड्यासारखा होतो. हा रोग नव्हे. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर झाडात वाहते, त्यातला मोठा वाटा पाने ओढून घेतात आणि पाण्यात खंड पडला की फळाच्या टोकापर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही. त्यावर अंड्याच्या कवचांचा चुरा घालण्याचा उपाय हमखास सुचवला जातो; पण ती कवचे इतकी सावकाश विरघळतात की त्या हंगामातील फळांना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. उलट पालाशाची मात्रा वाढवत नेल्यास मुळांकडून होणारे कॅल्शियमचे शोषणच कमी होते. चेरी टोमॅटोत ही तक्रार तुलनेने कमी आढळते, एवढाच काय तो दिलासा. बराच वेळ कोरडी राहिलेली कुंडी एकदम भिजवल्यास पिकत आलेली फळे तडकतात, तेही याच अनियमितपणामुळे.

फुलगळ दिसताच खत वाढवण्याची सवयही सोडायला हवी. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ लागले किंवा रात्री फार उकाड्याच्या असल्या, की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुले गळतात. तेथे दुपारची सावली उपयोगी पडते. कुंडीच्या कडेला पांढरे क्षार साठलेले दिसले तर एक वेळचे खत चुकवून, खालच्या छिद्रातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत साधे पाणी द्यावे.

आपल्या वृत्तपत्रात यापुढे टोमॅटोच्या खताची मात्रा छापताना तिच्यासोबत जात उंच की लोंबती, कुंडीत माती किती लिटर आणि झाड फुलोऱ्यात की फळांवर, एवढा तपशील द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक