सूचना : उकळी आली की आच कमी करा

सर्व सभासदांना नमस्कार.

स्वयंपाकघरातल्या ऊर्जाबचतीबद्दल एक कळकळीची विनंती. भांड्यातल्या पाण्याला उकळी आली की लगेच आच मंद करा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यानंतर आच कितीही मोठी ठेवली तरी उघड्या भांड्यातले पाणी त्याहून गरम होत नाही, त्यामुळे अन्नही लवकर शिजत नाही. जास्तीचा गॅस फक्त वाफ करण्यात जातो. आणि हा खर्च लहान नाही : एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. म्हणून झाकण हवेच. झाकणाच्या कडेने वाफेची बारीक रेघ निघत असेल, तेवढी आच पुरते.

प्रेशर कुकरमध्ये तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जाते, म्हणून कडधान्ये त्यातच शिजवावीत, तीही आधी भिजवून. शिट्टी होऊ लागली की तिथेही आच कमी.

ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका. ती निळी असावी. पिवळी दिसली, भांडी काळी पडू लागली, तर बर्नरची छिद्रे साफ करा. हे टाळू नका, कारण अर्धवट जळणाऱ्या गॅसातून विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो.

फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले आहे का, तेही पाहा. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज सुटून आला तर रबर बदलायला झाले आहे.