पुणे–दिल्ली विमानप्रवासाच्या चुकीच्या कालावधीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: विमानप्रवासाचा चुकीचा कालावधी दाखवल्याने झालेल्या नुकसानीच्या भरपाईबाबत

महोदय,

माझ्या आई-वडिलांच्या पुणे ते हरिद्वार प्रवासाचा आराखडा मी आपल्या संकेतस्थळावरून पैसे भरून करून घेतला होता. त्यात पुणे–दिल्ली अंतर 1157 किलोमीटर व ‘प्रवासाचा वेळ’ 1 तास 25 मिनिटे दाखवला होता आणि तोच वेळ धरून नवी दिल्लीहून सुटणाऱ्या हरिद्वारच्या रेल्वेगाडीचे आरक्षण आपल्याच कंपनीने केले होते. विमान वेळापत्रकाप्रमाणे उतरले, तरीही आई-वडील सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगांची वाट पाहत असतानाच त्यांची गाडी सुटून गेली.

अंतराच्या आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. पुण्याचे लोहगाव विमानतळ ते दिल्ली विमानतळ हे सरळ रेषेतील अंतर साधारण तेवढेच आहे. परंतु ते ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने भागून आलेल्या उत्तराला प्रवासाचा वेळ म्हणता येत नाही. विमान तो वेग उंचावर पोहोचल्यावरच गाठते. चढताना व उतरताना वेग कमी असतो, मार्ग नकाशावरील रेषेइतका सरळ नसतो, आणि दिल्लीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात थांबावेही लागते. जागेवरून हलण्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ धरूनच विमानकंपन्या या मार्गासाठी दोन तासांहून अधिक कालावधी देतात. त्यापुढे सामान घेऊन स्थानक गाठायचे असते, याचा तर आपल्या आराखड्यात मागमूसही नाही.

आपल्या पानावर पुणे–कोलकाता व कोलकाता–पुणे यांचाही वेळ अगदी सारखाच दिसतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहत असल्याने पुण्याकडे परतताना अधिक वेळ लागतो, ही बाब विमान वाहतुकीत नवीन नाही.

विमानाचे तिकीट आपण प्रवासाच्या आदल्या रात्री पाठवले. त्यावरील पोहोचण्याची वेळ आराखड्याशी जुळत नसल्याचे मी त्याच रात्री दूरध्वनीवरून कळवले असता, ‘आता बदल होणार नाही’ एवढेच उत्तर मिळाले. गुडघ्यांच्या त्रासामुळे व्हीलचेअरवर असलेल्या वडिलांना घेऊन आईला परक्या शहरात ऐन वेळी गाडी भाड्याने करावी लागली, याचे मला अत्यंत दुःख आहे.

तरी आराखड्याचे शुल्क, रेल्वेचे भाडे व दिल्ली–हरिद्वार गाडीभाडे मला परत मिळावे. तसेच संकेतस्थळावर गणिताने काढलेला उड्डाणाचा वेळ व विमानकंपनीने जाहीर केलेला कालावधी स्वतंत्रपणे दाखवावा, आणि पुढील वाहनाचे आरक्षण केवळ विमानकंपनीच्या कालावधीच्याच आधारे करावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी पुण्यातील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. आराखडा, तिकिटे व गाडीभाड्याची पावती यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे