महाराजबागेतील काकाजींना आभाराचे पत्र

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेरीस आपण नागपूरच्या महाराजबागेतील माळीकामातून सेवानिवृत्त झालात, ही बातमी आमच्या गावात उशिरा पोहोचली. ते दिवस मोहफुले वेचण्याचे असल्यामुळे सगळ्या बाया पहाटेपासून जंगलात होत्या आणि आपल्या निरोपाला गावातून कोणालाच येता आले नाही. म्हणून बचत गटाच्या बैठकीत असे ठरले की आपले आभार पत्राने मानावेत आणि ते पत्र सर्वांना वाचता येईल असे असावे. शहरातल्या मोठ्या बागेत ऋतुमानाप्रमाणे भरणाऱ्या मेळाव्यांत खेड्यातल्या बायांना मानाने कसे बसवता येते, हे आपण करून दाखवले आहे, आणि ते इतर बागा सांभाळणाऱ्यांपर्यंतही जावे अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आमचे गाव उमरेड तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. मृगाचा पाऊस पडला की शेताच्या धुऱ्यावर तरोट्याची रानभाजी उगवते, त्यामागून केना, कुंजर आणि घोळ येते, आणि श्रावणापर्यंत काटवल (करटोली), वास्ते (बांबूचे कोंब) व सात्या (छत्रीसारखी रानअळंबी) मिळू लागतात. पूर्वी बाया हा माल नागभीडकडून येणाऱ्या छोट्या रेल्वेने इतवारीला नेत असत. मोठ्या रुळांच्या कामासाठी ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली आणि एसटीत मांडीवर धरता येईल तेवढीच भाजी नेणे हाती उरले. गणेशपेठच्या बसस्थानकाबाहेर रस्त्याच्या कडेला ढीग मांडायचा आणि परतीच्या बसच्या आत मिळेल त्या भावाने तो संपवायचा, असे चालत असे. अशाच एका दुपारी आपण आमच्या भाजीच्या पाटीजवळ थांबलात. भाव विचारण्याआधी आपण कुड्याची फुले हातात घेतलीत, ती कोणत्या रानातली, केव्हा तोडली आणि कडूपणा कसा काढता, हे विचारलेत. नऊ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाज्यांचे मेळावे भरतात, तसा बागेतही भरणार आहे, तेव्हा विकायलाच नव्हे तर माहिती सांगायलाही या, असे आपण म्हणालात.

बागेत जायला आमच्यातल्या वयस्कर बाया कचरत होत्या, ही गोष्ट मुद्दाम लिहावीशी वाटते. महाराजबाग म्हणजे राजाची बाग, तिथे आपण मातीच्या पायांनी कसे जावे, असे त्यांना वाटत होते. आपण त्यांना फाटकापाशी घ्यायला आलात आणि चालता चालता सांगितलेत की ही बाग खरोखरच भोसले राजांची होती, परंतु आता ती कृषी महाविद्यालयाकडे आहे, ते महाविद्यालय १९०६ पासून शेतीचे शिक्षण देत आले आहे, आणि शेती करणाऱ्या माणसांना तिथे परके वाटण्याचे काहीच कारण नाही. त्या दिवशी आपण आम्हाला झाडाच्या दाट सावलीतली, नळाजवळची जागा दिलीत. पालेभाजी उन्हात तासाभरात माना टाकते, हे जाणणारा माणूसच अशी जागा निवडतो. पाट्यांवर घालायला ओली बारदाने आपण स्वतः आणून दिलीत.

मात्र आपले सर्वांत मोठे साहाय्य मी निराळेच मानते. प्रत्येक भाजीचे एक रोप मुळासकट, मातीच्या गोळ्यासह आणावे, असा आग्रह आपण धरलात. आम्हाला प्रथम तो वाढीव भार वाटला होता. जुडीतली खुडलेली पाने पाहून शहरातल्या माणसाला केना कोणता आणि गवत कोणते हे ओळखू येत नाही, रोप समोर असले की खोड, पान, फूल आणि वाढण्याची रीत दिसते, हे आपले म्हणणे मेळावा सुरू होताच आम्हाला पटले. रोपाशेजारी देवनागरीत लिहिलेली पाटी होती. तीवर आमच्याकडचे नाव आधी, महाविद्यालयातील शिक्षकांकडून विचारून घेतलेले शास्त्रीय नाव त्याखाली, आणि मग भाजी कशी करावी हे आमच्याच शब्दांत. गावच्या नावाला पहिली जागा देण्याचा निर्णय आपला होता आणि त्याबद्दल आम्ही आपले कायम ऋणी आहोत.

काय सांगू नये, हेही आपण तितक्याच काळजीने शिकवलेत. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, ते चिरून उकळावेत आणि ते पाणी टाकून द्यावे, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो, ही सूचना आपण मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलीत. धोप्याच्या म्हणजे अळूच्या पानांनी घशाला खाज सुटते म्हणून त्यांत चिंच घालतात, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडाने सांगायला लावलेत. सात्या वारुळावर उगवतात आणि जाणती माणसेच त्या ओळखून आणतात. त्यामुळे त्या पाहायला ठेवा, पण पाहून कोणी आपापल्या मनाने रानातली छत्री उपटून खाऊ नये हे आवर्जून सांगा, असे आपण बजावलेत. विक्री थोडी कमी झाली तरी चालेल, पण आपल्या माहितीमुळे कोणाला त्रास होता कामा नये, ही आपली भूमिका आमच्या गटाने तेव्हापासून नियम म्हणून स्वीकारली आहे.

काटवलाच्या वेलीबद्दल झालेले बोलणे तर गावात अजून निघते. नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते, फळ केवळ मादी वेलीला धरते, हे आमच्या म्हाताऱ्या बायांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. फळ येत नाही म्हणून बांधावरच्या नर वेली काही जण उपटून टाकू लागले होते, तेव्हा फळ धरायला नराचे पराग लागतातच, काही नर वेली राखल्याच पाहिजेत, असे आपण त्याच म्हाताऱ्यांच्या तोंडून तरुणांना सांगायला लावलेत. आपल्याला ते स्वतः सांगता आले असते. ज्यांचे ज्ञान आहे त्यांनाच बोलू देणे, हा आपला स्वभाव आम्ही वारंवार पाहिला. आता आमच्या गावच्या शाळेतल्या मुली आपल्या आज्यांना झाडांची नावे विचारून वहीत उतरवत आहेत.

मग हिवाळ्यात आपण आम्हाला शेवंतीचे प्रदर्शन पाहायला बोलावलेत. आमच्या बायांना शेवंती ठाऊक होती ती दसरा-दिवाळीच्या हारांपुरती. एका देठावर एकच ओंजळभर फूल, कुंडीमागून कुंडी मांडलेले पिवळे, पांढरे, जांभळे रंग पाहून त्या कितीतरी वेळ गप्प उभ्या होत्या. आपण त्यांना नुसती फुले दाखवून थांबला नाहीत. पावसाळ्यात शेंडे लावायचे, रोप वाढले की शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात, मोठे फूल हवे असेल तर बाजूच्या कळ्या काढून एकच राखायची आणि काडीचा आधार द्यायचा, ही सारी मेहनत आपण क्रमाने समजावलीत. प्रदर्शन संपल्यावर, फुले ओसरलेल्या झाडांच्या काश्या, म्हणजे मुळाशी फुटलेले नवे फुटवे, परवानगी काढून आम्हाला दिल्यात. पुढच्या वर्षी शाळेच्या आवारातील काही कुंड्यांना नोव्हेंबर सरत आला तरी कळी येईना, तेव्हा आपण फोनवर पहिला प्रश्न विचारलात की कुंड्यांवर रात्री दिव्याचा उजेड पडतो का. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, अंधारी रात्र लागते आणि दिव्याखाली ती नुसती वाढत राहते, हे त्या दिवशी साऱ्या गावाला कळले. कुंड्या शाळेच्या मागच्या बाजूला हलवल्या आणि उशिरा का होईना, त्यांना फुले आली.

आपल्या सहकाऱ्यांचेही आभार मानणे अगत्याचे आहे. फाटकावरच्या चौकीदारांनी आमच्या पाट्या सांभाळल्या आणि झाडलोट करणाऱ्या ताईंनी परतीच्या बसची वेळ झाल्याची आठवण करून दिली नसती, तर आम्हा बायांना दिवसभर निश्चिंतपणे बोलता आले नसते.

काकाजी, यंदा पाऊस वेळेवर आला तर श्रावणात आम्ही पुन्हा बागेत पाट्या मांडणार आहोत. आपल्या जागी आलेल्या माळीदादांना आपण आमच्याविषयी सांगून ठेवले आहे, असे त्यांच्याकडूनच कळले. मुळासकट आणायच्या रोपांची यादी मुली तयार करत आहेत आणि ती आपण एकदा तपासून द्यावी, ही विनंती आहे. आपल्या अंगणात लावण्यासाठी मागितलेले काटवलाचे कंद आम्ही राखून ठेवले आहेत. त्यांत नर कोणते आणि मादी कोणते हे खुणेची दोरी बांधून वेगळे केले आहे. पौषात तुरीच्या शेंगा भरल्या की आपण काकूंना घेऊन गावी यावे, सोल्यांची भाजी आणि भाकर आमच्याकडे खावी आणि एक रात्र मुक्काम करावा. उमरेडहून पुढची बस फाट्यावर थांबते, तिथे आम्ही आपल्याला घ्यायला येऊ.

आपली नम्र,
महिला बचत गटाची सचिव, गटातील सर्व बायांच्या वतीने